एकच पाणवठा, बारा महिने : खानदेशातली पाखरं

तापीकाठ | ३० नोव्हेंबर

काल पहाटे चांगदेवला, पूर्णा जिथं तापीला मिळते तिथल्या गाळावर, पट्टकादंब (बार-हेडेड गूज), बदकापेक्षा मोठे हिवाळी पाहुणे, उतरले. अठरा. पहिल्यांदा सतरा भरले, मग एकोणीस, म्हणून ते स्थिर बसेपर्यंत थांबून पुन्हा मोजले. गेल्या वर्षी ७ डिसेंबरला आले होते, त्याच्या आदल्या वर्षी २ डिसेंबरला. हे तोंडपाठ नाही, वहीत आहे. त्या वहीवरूनच हा धागा काढावासा वाटला.

मी भुसावळची. सहा वर्षांपूर्वी दुर्बीण घेतली तेव्हा जो तो सांगायचा, भिगवणला जा, भरतपूरला जा. दोन्हीकडे जाऊन आले आणि डोळे भरून बघितलं. घरी आल्यावर मात्र कुणी विचारलं की थापट्या बदक कधी येतं, कधी जातं, कुठं झोपतं, तर मला एकही उत्तर येईना. मग ठरवलं, एक पाणवठा धरायचा आणि वर्षभर सोडायचा नाही. हतनूर धरण घरापासून जवळ, एकेचाळीस दरवाजांचं, मागं तापी आणि पूर्णा दोन्हींत लांबवर पसरलेलं पाणी. दर रविवारी सूर्योदयाआधी पोचायचं, दोन तास बसायचं, लिहायचं.

पहिलं वर्ष नावं शिकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी क्रम कळायला लागला. ऑगस्टच्या शेवटाला, अजून पाणी गढूळ असतानाच, शेपटी हलवत काठाकाठानं पळणारा तुतवार येतो. सगळ्यांत आधी तोच. मग पिवळे धोबी, मग पांढरे. दिवाळीच्या आसपास बदकं उतरायला लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, आणि चक्रवाकाच्या जोड्या, ज्यांचा आवाज दिसण्याआधी ऐकू येतो. कादंब सगळ्यांत शेवटी. पाणी ओसरून गाळाची जमीन उघडी पडल्याशिवाय त्यांना इथं काम नसतं.

काल मी बाभळीच्या आडोशाला बसले होते, माझ्यात आणि त्यांच्यात शंभर पावलं असतील. वारा पडलेला. गाळावर उगवलेलं कोवळं गवत ते खुडत होते आणि त्या शांततेत खुडण्याचा आवाज येत होता, गाय चरताना येतो तसाच, फक्त बारीक. डोक्यामागं दोन काळे पट्टे, मानेच्या बाजूनं उतरलेली पांढरी रेघ, पिवळी चोच. सतरा माना खाली आणि एक वर. थोड्या वेळानं वरची खाली गेली आणि दुसरी कुणाची तरी वर आली. ऊन पडेपर्यंत एकदाही सगळ्या माना एकाच वेळी खाली गेल्या नाहीत.

तुमचा पाणवठा कोणता? मेहरूण, नकाणे, वाघूर, गिरणा, अनेर, सुकी, सारंगखेडा, प्रकाशा, काहीही चालेल. गावतळंही चालेल, घरामागचा उंबरही चालेल. काय, कधी, किती दिसलं ते इथं लिहीत जाऊ. वर्षभर धागा चालू ठेवू.


नकाणे_धुळे | ३० नोव्हेंबर

ताई, तुम्हनी वही बठ्ठासनी वाचाले जोयजे. लिखत ऱ्हा.

आमच्या नकाणे तलावावर कादंब मी कधी बघितले नाहीत. वारकरी (कूट) आणि टिबुकल्या ही पाणपाखरं मात्र आता भरपूर आहेत. मी पाण्यापेक्षा कुरणातला माणूस. धुळ्याच्या आजूबाजूला माळ आणि कुरणं अजून शिल्लक आहेत, तिकडचं लिहीन.


नवशिका_जळगाव | १ डिसेंबर

मी मेहरूणला रोज सकाळी फिरायला जातो. पक्षी दिसतात, पण बगळा आणि खंड्या सोडून नाव येत नाही. दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार म्हणतो जितकी पॉवर जास्त तितकी चांगली. त्याच्याकडे २० ची आहे.


तापीकाठ | १ डिसेंबर

२० ची घेऊ नका. हातात धरल्यावर चित्र इतकं हलतं की पक्षी सापडतच नाही. ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तितका उजेड जास्त आत येतो, आणि आपलं सगळं काम पहाटेच्या अंधुक उजेडातलं. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडा खाली होणारी बघून घ्या.

दुर्बीण येईपर्यंत एक करा. रोज एकच पक्षी निवडा आणि दहा मिनिटं त्याच्याकडेच बघा. मेहरूणला शेकाट्या असेल, लांब गुलाबी पायांचा. तो पाय कसा उचलतो, चोच पाण्यात किती बुडवतो, हे बघा. नाव मागून येतं आणि मग विसरत नाही.


गाळपेर | ३ डिसेंबर

हा धागा वाचून मुद्दाम खातं उघडलं. माझे काका मुक्ताईनगर तालुक्यात फुगवट्याच्या कडेला गाळपेर करतात, म्हणजे धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या गाळात पेरतात. हरभरा आणि थोडा गहू. तुमचे कादंब पहाटे येतात आणि हरभऱ्याचे शेंडे साफ करून जातात. काका पहाटे चारला डबा वाजवायला जातात. थंडीत, वयाच्या सत्तरीत. आणि वर फोटोवाले येतात ते पिकातून चालत जातात, एकानं तर उगवलेल्या वाफ्यात पालथं पडून फोटो काढले. पक्षी सुंदर आहे हे मलाही दिसतं. काकांच्या हरभऱ्याचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.


तापीकाठ | ३ डिसेंबर

बरं केलंत लिहिलंत. तुमच्या काकांचा डबा मी ऐकलेला आहे, आणि तो वाजतो तेव्हा कादंब उठून कुठं जातात हेही बघितलंय. ते समोरच्या पडीक गाळावर जाऊन बसतात. म्हणजे त्यांना हरभराच हवा असं नाही, कोवळं आणि मोकळं काहीही चालतं. पलीकडच्या एका शेतकऱ्यानं गेल्या वर्षी वाफ्यांवर चकाकणारी पट्टी आडवी ताणली होती. पीळ देऊन बांधली की वाऱ्यावर गुणगुणते. त्या तुकड्यात कादंब जवळजवळ उतरलेच नाहीत. काकांना सांगून बघा, खर्च फार नाही. मी रविवारी येते तेव्हा बांधायला मदत करीन.

आणि पिकातून चालणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. गाळाची जमीन सरकारी असली तरी पीक घाम गाळून आलेलं असतं. इथल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, बांधावरून जा, आणि शेतात कुणी असेल तर आधी रामराम करा. मला निम्मे पक्षी त्या शेतकऱ्यांनीच दाखवलेत.


अमळनेर_ते_पुणे | ६ डिसेंबर

ताई, एका मुद्द्यावर तुमच्याशी भांडायचंय. एकच पाणवठा धरा हे पटतं, पण प्रवासही करायलाच हवा असं माझं मत.

मी अमळनेरचा, नोकरीनं पुण्यात. दोन वर्षांपूर्वी जुलैत लडाखला त्सो मोरीरीवर गेलो होतो. साडेचार हजार मीटरवरचं तळं, काठावर बर्फाचे डोंगर, आणि समोरून पट्टकादंबाची मादी चालली होती, मागं पाच पिल्लं. पिवळसर, कापसाची. लहानपणी बोरी धरणावर हिवाळ्यात हाच पक्षी बघितला होता आणि 'मोठं बदक' एवढंच ठाऊक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून कळलं की आपल्याकडे येणारा पाहुणा कुठून निघतो. लडाख, तिबेट, मंगोलियातली तळी हे त्याचं माहेर. हिमालय ओलांडताना हे पक्षी सात हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायूही घट्ट धरून ठेवतं, म्हणून जमतं. पुस्तकात हे वाचलं होतं, पण तिथं दोन जिने चढताना मला दम लागत होता आणि हा पक्षी डोक्यावरून उडत गेला, तेव्हा उमगलं.

एक विनंती. मंगोलियात काही कादंबांच्या गळ्यात आकडे लिहिलेली पट्टी घालून सोडतात, आणि तसे पक्षी भारतात सापडलेले आहेत. तुमच्या अठरांच्या माना नीट बघा.


तापीकाठ | ७ डिसेंबर

भांडण मान्य. पिल्लांचं वाचून आज दिवसभर तेच डोळ्यांपुढं होतं. आज पहाटे माना तपासल्या. सव्वीस झालेत आता. पट्टी कुणाच्याच गळ्यात नाही, पण दर रविवारी बघीन.


पाटणा_चाळीसगाव | १४ डिसेंबर

मंडळी, वनपिंगळा दिसला, ते दुर्मिळ छोटं घुबड! पाटणादेवीच्या जंगलात, सकाळी दहा वाजता, भर उजेडात फांदीवर बसलेला. वनपिंगळा दिवसा फिरतो असं वाचलंय. फोटो लावतोय, लांबून आहे. ठिकाण अगदी नेमकं सांगू शकतो, कुणाला यायचं असेल तर.


अक्राणी_गुरुजी | १४ डिसेंबर

भाऊ, आधी ठिकाण लिहू नका. मग फोटोबद्दल बोलू.

मी धडगावकडे शाळेत आहे, सातपुड्यात. वनपिंगळा म्हणजे आमच्या घरचा पक्षी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो मोठा करून बघा. डोकं, पाठ, पंख, सगळीकडे बारीक आडव्या रेघा आहेत, विणलेल्या पोतासारख्या. हा जंगली पिंगळा. तोही दिवसा हिंडतो, त्यामुळे गल्लत होते. गावात दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याचं डोकं मोठं, गडद करडं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं. चोच दणकट. पंखांवर आणि शेपटीवर रुंद काळेपांढरे पट्टे, आणि पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र. समोर तोंड करून बसला की हा पांढरा रंग सागाच्या करड्या रानात लांबून चमकतो. बसल्या जागी शेपटी इकडून तिकडे झटकतो, ही सवय एकदा बघितली की विसरत नाही.

ह्याची गोष्ट खानदेशात सगळ्यांना पाठ असायला हवी. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं ह्या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. हा तोच ह्यूम जो पुढं काँग्रेसच्या स्थापनेत होता. मग १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशातून काही नमुने, म्हणजे मारून, भरून जतन केलेले पक्षी, गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. शंभर वर्षांहून जास्त काळ कुणाला दिसला नाही, आणि बहुतेकांनी तो नामशेष धरला. मधे फक्त एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागन ह्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं सांगितलेला. लोक त्या भागात शोधत राहिले. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. मुळात डेव्हिडसनचाच. मग बाईंनी खोट्या चिठ्ठ्या बाजूला टाकल्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली, आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांच्यासोबत २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी.

नंतर तो तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेश आणि पुढं ठाणे जिल्ह्यात तानसालाही मिळाला. पण सुरुवात आपल्या शहाद्याची.

आता ठिकाण का लिहू नये ते. आमच्या रानात वनपिंगळ्याची एक ढोली होती. कुणीतरी कुठंतरी तिचा पत्ता लिहिला. पुढच्या महिन्यात गाड्या यायला लागल्या. एकानं मोबाइलवर ह्या पक्ष्याचा आवाज लावला, पुन्हा पुन्हा, जवळ यावा म्हणून. नर आपल्या हद्दीत दुसरा आला समजून ओरडत, झाडं बदलत राहिला, शिकार सोडून. मी सकाळी नऊ ते अकरा हे बघत उभा होतो. मी बोललो तर मला म्हणाले, आम्ही लांबून आलोय. त्या वर्षी त्या ढोलीतून पिल्लू बाहेर पडलं नाही. आवाजामुळंच का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण त्या जोडीचे किती दिवस असे गेले ते मी बघितलंय.


पाटणा_चाळीसगाव | १५ डिसेंबर

गुरुजी, फोटो मोठा करून बघितला. रेघाच आहेत. जंगली पिंगळाच. आणि ठिकाणाबद्दल समजलं, कुणालाही सांगणार नाही. तुमचा प्रतिसाद छापून आमच्या वाचनालयात लावला तर चालेल का?


अक्राणी_गुरुजी | १५ डिसेंबर

जरूर. आणि जंगली पिंगळाही लहान गोष्ट नाही. पाटण्याचं रान चांगलं आहे म्हणून तो आहे.


नकाणे_धुळे | ४ जानेवारी

कुरणाचं लिहीन म्हणालो होतो. काल संध्याकाळी लळिंगकडे गुडघाभर वाळलेल्या गवतात बसलो. हिवाळ्यात आपल्याकडे भोवत्या येतात, हे शिकारी पक्षी गवतावरून इतक्या खालून तरंगत जातात की पंखांनी गवत चाटल्यासारखं वाटतं. दिवसभर एकेकटे फिरतात आणि मावळतीला एका ठिकाणी गोळा होतात. झोपायला झाड लागत नाही, जमिनीवर, गवतात. काल नऊ उतरले. एकेक येतो, घिरटी मारतो आणि दिसेनासा होतो. शेवटचा उतरला तेव्हा चांदणी दिसत होती.

म्हणून वणव्याची भीती वाटते. रात्री कुरण पेटलं तर आत कोण झोपलंय हे पेटवणाऱ्याला माहीत नसतं. भोवत्या टोळ, नाकतोडे खातात, शेतकऱ्याच्या फायद्याचा पक्षी. गवत कापून न्या, विका, गुरांना घाला, पण काडी लावू नका, एवढंच मी गावागावांत सांगत असतो.


तापीकाठ | १९ जानेवारी

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून चालू आहे. आम्ही सातजणांनी हतनूरचा काठ वाटून घेतला. बदकं मोजायची युक्ती नवीन लोकांसाठी सांगते. आधी दहा नीट मोजायची, त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यात बसवायचं, आणि तेवढ्या मापानं थवा पुढं पुढं मोजत जायचा. पाण्यात असलेली मोजायची, उडाली की सोडून द्यायची. गाळपेरचे काका सकाळी चहा घेऊन आले होते. वाफ्यावरच्या चकाकत्या पट्टीनं काम केलंय म्हणाले.


गाळपेर | १९ जानेवारी

केलंय. काका आता सहाला उठतात.


नवशिका_जळगाव | १ फेब्रुवारी

दुर्बीण आली, ८×४२. मेहरूणवर आतापर्यंत एकतीस जाती लिहिल्या. एक प्रश्न, रोज संध्याकाळी गुलाबी-काळ्या मैनांसारख्या पाखरांचे प्रचंड थवे शहरावरून जातात. आभाळात धुरासारखे वळतात. हे कोण?


केळीबाग_रावेर | २ फेब्रुवारी

त्या भोरड्या. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहेत, कारण ज्वारी निसवली की पहिला मान त्यांचा. माझे आजोबा माळ्यावर बसून गोफण फिरवायचे ते ह्यांच्यासाठीच. ज्वारीचा पेरा कमी झाला, गोफणी खुंटीला गेल्या, पण भोरड्या येतातच. आता पळस फुलतोय, सावर फुलतेय, बघा त्या फुलांवर कशा तुटून पडतात. डोक्याला पिवळे परागकण लागलेले असतात.

ह्या विणीसाठी मध्य आशियात आणि त्याच्याही पश्चिमेला जातात. तिथं टोळ फार, पिल्लं टोळांवर वाढतात. एप्रिलमध्ये गेल्या की ऑगस्टपर्यंत काही परत हजर. वर्षाचे जास्त महिने आपल्याकडे काढतात, मग परदेशी कसं म्हणायचं? मला तर त्या इथल्याच वाटतात.


तापीकाठ | २३ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला, पण लिहायला हवं. काठाला टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं होतं, त्यात एक वारकरी अडकलेला. मानेभोवती तीन वेढे. सोबतच्या मुलानं धरला, मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापला, पंधरा मिनिटं गेली. काळा पक्षी, कपाळावरचा पांढरा टिळा चिखलानं भरलेला, आणि पायाच्या बोटांना पाकळ्यांसारख्या पडद्या. इतक्या जवळून त्या पहिल्यांदा बघितल्या. सोडल्यावर तो पाण्यात गेला आणि वेताच्या आत शिरला. जगला असावा.

शेजारच्याच वेढ्यात टिबुकली होती, ती आधीच गेलेली.

मासेमारी करणाऱ्या भावांशी बोलले. फाटलेलं जाळं नेऊन टाकायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पुढच्या रविवारी सगळे मिळून काठावरची जाळी गोळा करणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावं, जाड हातमोजे आणि कात्री आणा.


अमळनेर_ते_पुणे | २४ फेब्रुवारी

येतोय. शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं.


तापीकाठ | ३ मार्च

अकराजण होतो, त्यात चार मासेमारी करणारे. चार गोण्या भरल्या. परत जाताना तलवार बदकं एकही दिसली नाहीत. बहुतेक निघाली. कादंब मात्र अजून एकोणीस.


अमळनेर_ते_पुणे | १८ मार्च

त्या रविवारनंतर परतीच्या वाटेवर निफाडला उतरून नांदूर मध्यमेश्वरला गेलो. भुसावळकडच्या सगळ्यांना हे सहज जमण्यासारखं आहे, गाडी थेट निफाडला जाते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मनोऱ्यावर बसून तीन तास बघितलं. उथळ पाणी, वेत, मधे गाळाची बेटं. जांभळ्या पाणकोंबड्या वेताचा कोंब एका पायानं धरून खातात, अगदी हातात काकडी धरावी तशा.

आणि ताई, तुमचं म्हणणं तिथं बसल्यावर पटलं. हतनूरला तुमच्यासोबत एक सकाळ काढली होती म्हणून नांदूरला काय बघायचं हे कळत होतं. माना मोजत होतो.


नकाणे_धुळे | २ एप्रिल

भोवत्या गेले. कुरण रिकामं वाटतं. पण आज माळटिटवी आणि धाविक दोन्ही दिसले, ते इथलेच, उन्हाळाभर सोबत करतील.


केळीबाग_रावेर | २१ मे

पंचेचाळीस अंश. दुपारी एकला बाहेर कुणी दिसत नाही. मी मात्र तीन आठवडे एका टिटवीकडे बघतोय, ते सांगतो.

केळीच्या मृगबागेसाठी रान तयार करत होतो. ट्रॅक्टर फिरत असताना टिटवी अंगावर आल्यासारखी ओरडायला लागली. चालकाला थांबवलं. ढेकळांच्या मधे चार अंडी, मातीच्याच रंगाची, काळे ठिपके, टोकं सगळी आतल्या बाजूला. घरटं म्हणावं असं काही नाही, चार खडे सरकवलेले. वावभर जागा सोडून चारी बाजूंनी काठ्या रोवल्या आणि पुढं नांगरलं.

आता ऐका. दुपारी ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी थोडं पाणी साचतं. टिटवी चालत तिथं येते, पाण्यात बसते, पोट घासल्यासारखं करते, उठते, परत बसते. पोटाची पिसं चांगली भिजली की पुन्हा चालत जाते, सरळ नाही, आधी दुसऱ्याच दिशेला चार पावलं, मग वळून अंड्यांवर. ओलं पोट अंड्यांवर टेकवते. तेवढ्यात दुसरी निघते. नर-मादी आळीपाळीनं. एका दुपारी अकरा फेऱ्या मोजल्या. आपण म्हणतो पक्षी अंडी उबवतो, आणि खानदेशच्या मे महिन्यात त्याला अंडी गार ठेवावी लागतात.

मी व्हॉल्व्ह दुरुस्त करणार होतो. अजून केला नाही.

आमच्याकडे म्हणतात टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला. ही मधल्या सखल रानातच बसलीय. बघू.


तापीकाठ | २१ मे

दादा, तीनदा वाचलं. व्हॉल्व्ह राहू द्या.


अक्राणी_गुरुजी | २२ मे

माझ्या शाळेतली पोरं सुटीत आहेत, पण दोघं रोज येऊन झाडाखालचं मातीचं भांडं भरतात. कोण प्यायला आलं ते खडूनं भिंतीवर लिहितात, त्यांच्या बोलीतल्या नावांनी. पावशा पंधरा दिवस झाले ओरडतोय, पेरते व्हा, पेरते व्हा. पोरांचे वडील हसून म्हणतात, त्याला सांगा ढग आण.


केळीबाग_रावेर | २९ मे

चारपैकी तीन फुटली. सकाळी सहाला ओली, आठला चालायला लागली, दहाला बांधाच्या सावलीत. चौथं अंडं तसंच राहिलं. पिल्लं ढेकळात बसली की दिसतच नाहीत, पायाखाली येतील म्हणून रानात दोन दिवस कुणाला पाठवलं नाही. व्हॉल्व्ह आता केला.


नवशिका_जळगाव | ६ जून

मेहरूण, सदुसष्ट जाती. ऑगस्टात पहिला तुतवार कुणाला दिसतो बघू, मी दहा तारखेपासून रोज जाणार आहे.


तापीकाठ | १२ जून

काल रात्री पाऊस झाला, पहिला. आज पहाटे चांगदेवला गेले. पाणी अजून वाढलेलं नाही. कादंब चरायचे तो गाळ भेगा पडून आता काळा ओला झालाय.

साडेसहाला बाभळीवर आवाज आला, पिऊ, पिऊ. चातक. वर काळा, खाली पांढरा, डोक्यावर तुरा, आणि उडताना पंखावर पांढरा डाग. आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यासोबत आलेला. बसल्या बसल्या पंख झटकत होता, अंग ओलं होतं. दोन मिनिटांत सातभाईंचं टोळकं कलकलाट करत त्याच्यावर धावून गेलं. त्यांनाही माहीत आहे की ह्याची मादी आपल्याच घरट्यात अंडं घालणार. तो पुढच्या बाभळीवर गेला, तिथंही ते मागं.

वहीत लिहिलं : १२ जून, चातक १. गेल्या वर्षी ९ जून.

तुमच्याकडे?


केळीबाग_रावेर | १२ जून

अजून नाही. पाऊस झाला, केळी लावतोय.


नकाणे_धुळे | १३ जून

आज दोन. कुरणाच्या कडेला, हिवरावर.


अक्राणी_गुरुजी | १४ जून

धडगाव, सकाळी ६.५०, एक. शाळा उघडायच्या आधीच पोरांनी भिंतीवर लिहून ठेवला होता.